डाय-बायस (मायक्रोअ‍ॅरे)

दोन नमुन्यांत एखाद्या जनुकाची अभिव्यक्ती (ते किती सक्रिय आहे ते) सारखीच असताना केवळ त्यांना लावलेल्या अनुस्फुरक (प्रकाश पडताच चमकणाऱ्या) रंजकांमुळे मापनात दिसणारा फरक म्हणजे डाय-बायस. दोन रंगांच्या मायक्रोअ‍ॅरेमध्ये (एकेका जनुकाच्या डीएनएचे ठिपके असलेल्या काचपट्टीवर) तो हमखास आढळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९९५ मध्ये अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीच्या ४५ जनुकांवर ही पद्धत वापरून दाखवली. पुढे साय३ (हिरवा) आणि साय५ (लाल) ही रंजकांची जोडी रूढ झाली. एका नमुन्याचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए-प्रत) हिरवा, दुसऱ्याचा लाल करून दोन्ही एकाच काचपट्टीवर सोडतात आणि प्रत्येक ठिपक्यावर लाल-हिरव्याचे गुणोत्तर मोजतात.

ही दोन रंजके एकसारखी वागत नाहीत, अडचण इथेच आहे. साय५चा रेणू मोठा असल्याने सीडीएनए घडवणारे विकर त्याला सहज सामावून घेत नाही. स्कॅनरमधले लेझर आणि प्रकाशमापकही दोन्ही रंगांसाठी वेगळे. त्यात साय५ला ओझोनचे वावडे आहे: हवेत अब्जात पाच-दहा भाग ओझोन असला तरी तो काही सेकंदांत फिका पडू लागतो. प्रयोग निर्दोष असूनही लाल रंग उतरतो, आणि जनुक ‘दबलेले’ भासते.

एकच नमुना दोन्ही रंगांत रंगवून पट्टीवर सोडला, तर गुणोत्तराचा लॉगरिदम सर्वत्र शून्य यायला हवा. प्रत्यक्षात एकूण तीव्रतेनुसार तो वर-खाली झुकतो. हा झुकाव लोएस या स्थानिक समाश्रयण (बिंदूंना टप्प्याटप्प्याने वक्र जुळवण्याच्या) पद्धतीने काढता येतो. मात्र काही जनुकांचा कल त्यांच्या स्वतःच्या डीएनए-क्रमावर अवलंबून असतो. तो लोएसला सापडत नाही, म्हणून जास्त फसवा.

त्यावर खरा उपाय डाय-स्वॅप, म्हणजे रंगांची अदलाबदल. समजा, पहिल्या पट्टीवर लॉग-गुणोत्तर (पाया २) १.५ आले आणि अदलाबदलीनंतर −०.५. दोहोंच्या वजाबाकीची निम्मी किंमत १.० हा खरा फरक, म्हणजे दुप्पट अभिव्यक्ती. बेरजेची निम्मी किंमत ०.५ हा रंजकाचा वाटा. तोच आरएनए पुन्हा वापरून केलेली अदलाबदल रंजकाचा दोष काढते, पण स्वतंत्र जैविक नमुन्यांची जागा घेत नाही. ही गल्लत वारंवार होते. सर्व नमुने एकाच रंगात आणि समान संदर्भ-नमुना दुसऱ्या रंगात ठेवला, तर नमुन्यांची आपसांत तुलना करताना हा कल बऱ्याच अंशी कटून जातो.

आता आरएनए-सीक्वेन्सिंगने (आरएनएचा क्रम वाचून मोजण्याच्या पद्धतीने) मायक्रोअ‍ॅरेला मागे टाकले आहे. तरी जीईओसारख्या सार्वजनिक संग्रहांत दोन रंगांची पुष्कळ जुनी माहिती आहे. ती वापरताना कोणत्या नमुन्याला कोणता रंग लावला होता, हे आधी पाहावे लागते.