खडकातली भिंत: पाणी अडवण्यापासून घाण अडवण्यापर्यंत

जमिनीखाली सिमेंट सोडणे मराठवाड्याला नवे नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या अपारंपरिक उपाययोजनांत 'फ्रॅक्चर सील सिमेंटेशन' आहे. पाणीपुरवठ्याच्या विहिरीच्या खालच्या अंगाला उथळ बोअर घेऊन दाबाने सिमेंटचा पातळ गाळा सोडायचा, भेगा बुजवायच्या, म्हणजे विहिरीचे पाणी खाली निसटत नाही. मग हीच भिंत कचरा डेपोपुढे का उभी करू नये? छत्रपती संभाजीनगरजवळच्या नारेगावच्या डेपोविरुद्ध 2018 मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा विहिरींच्या पाण्याचीही तक्रार होती. भिंत करता येते, पण हिशेब बदलतो. विहिरीसाठी गळती निम्म्यावर आली तरी उन्हाळा निघतो. दूषित पाण्याला मात्र एक उघडी भेग पुरते.

ही विद्या धरणे-बंधाऱ्यांची. फ्रान्समधल्या दिएप बंदरात शार्ल बेरिन्यी यांनी 1802 मध्ये पाणदरवाजाच्या पायाखाली चिकणमाती-चुन्याचा गाळा दाबून भरला. पुढे मॉरिस लुजॉन यांनी 1933 मध्ये खडकाची गळती मोजायचे माप दिले: 10 बार दाबाखाली बोअरच्या एका मीटरमधून मिनिटाला एक लिटर पाणी जिरले तर एक लुजॉन. आपल्या उथळ थराला इतका दाब सोसत नाही. कमी दाबावर चाचणी घेऊन त्या प्रमाणात आकडा काढावा लागतो.

सिमेंट शिरत नाही तिथे रसायने आली, आणि हा धडा आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. जपानमध्ये फुकुओका भागात 1974 मध्ये जमिनीत सोडलेले अ‍ॅक्रिलामाइड विहिरीत उतरले आणि माणसांना विषबाधा झाली. स्वीडनच्या हालान्डसोस बोगद्यात 1997 मध्ये तेच रसायन ओढ्यात गेले, मासे मेले, गुरे लुळी पडली. पिण्याच्या विहिरींच्या शिवारात असले रसायन नकोच.

आता आपला खडक. विहीर खोदताना काळी माती, मुरूम, पांढऱ्या खड्यांचा मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण, असे थर दिसतात. उथळ पाणी मुख्यतः मुरमात आणि मुरूम-पाषाणाच्या सांध्यात चालते. भिंतीचा तळ अखंड पाषाणात किमान एक-दोन मीटर रुतला नाही, तर पाणी खालून निघून जाते. पाषाणही जागोजागी चिरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक बोअरची आधी पाण्याने चाचणी घ्यावी.

भिंतीच्या रेषेत बोअर प्रथम सहा मीटर अंतरावर, मग मधोमध तीनवर, गरज पडली तर दीडवर. सिमेंटच्या एका पोत्याला 250 लिटर पाण्यापासून सुरुवात करायची आणि भेग गाळा पीत राहिली तर टप्प्याटप्प्याने 50 लिटरपर्यंत घट्ट करत न्यायचे. पोत्यामागे किलोभर बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) घातले की सिमेंट तळाशी बसून वर नुसते पाणी उरण्याचे प्रमाण घटते. दाब खोलीच्या मीटरमागे चौरस सेंटिमीटरवर पाव किलो, म्हणजे चार मीटरवर एक किलो. घाईने तीन-चार किलो दिला की आडवे सांधे उचलतात, गाळा शेतात फुटतो आणि बुजवायला निघालेल्या खडकात नव्या भेगा पडतात.

साध्या सिमेंटचा जाड कण शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो. केसाएवढ्या भेगेच्या तोंडाशीच तो अडकतो. बोअर भरल्यासारखे वाटते, आत भेग मोकळीच. तिथे बारीक दळलेले मायक्रोफाइन सिमेंट लागते. मुरमात तर गाळा सगळीकडे सारखा पसरतच नाही. तो थर चर खणून बेंटोनाइट-मातीने भरणे जास्त खात्रीचे. सांडपाणी आम्लधर्मी किंवा सल्फेटचे असेल तर सिमेंट हळूहळू खाल्ले जाते, म्हणून आधी पाण्याचा सामू आणि सल्फेट तपासावे.

आसपासच्या बोअरवेल विसरू नयेत. केसिंग मुरमापुरतेच असेल आणि त्याच्या बाहेरची फट बुजवलेली नसेल, तर घाण त्या वाटेने थेट खोल भेगांत उतरते. अशा निकामी बोअर आधी तळापासून वर सिमेंटने भराव्यात.

शिवाय अडलेले पाणी वर तुंबते आणि पावसाळ्यात टोकांना वळसा घालून निघते. म्हणून भिंतीच्या वरच्या बाजूला उपसा विहीर हवी, उपसलेल्या पाण्यावर प्रक्रिया हवी, आणि दोन्ही अंगांना निरीक्षण बोअर हवेत. दोन्हीकडची पातळी पावसाआधी आणि पावसानंतर मोजायची. फरक नसेल, तर कुठेतरी दार उघडे आहे.