रताळ्याची गोडी: साठ ते ऐंशी अंशांमधला खेळ

महाशिवरात्र किंवा एकादशी आली की कोकणातल्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात. उपासाच्या पानात वरीचा भात आणि दाण्याची आमटी ठरलेली. त्यांच्या शेजारी रताळी कधी उकडून येतात, कधी तुपावर परतलेल्या काचऱ्यांच्या रूपात. भाजलेली रताळी मात्र दिवसेंदिवस कमी दिसतात, कारण चूल गेली आणि तिच्याबरोबर गरम राखही गेली. ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये भाजून पाहणारे अनेकदा हिरमुसतात. एकाच पाटीतली रताळी एका घरी गोडमिट्ट होतात आणि शेजारच्या घरी पिठूळ, बेचव. त्यात रताळ्याचा दोष फारसा नसतो. फरक पडतो तो त्याला किती वेगाने तापवले यावर.

कच्च्या रताळ्यात साखर असते, पण बेताची. खरा साठा स्टार्चचा. त्याच पेशींमध्ये बीटा-अमायलेज नावाचे एन्झाइम भरपूर असते. इतके भरपूर, की १९४०च्या दशकात शास्त्रज्ञांनी ते रताळ्यातून शुद्ध स्फटिकरूपात वेगळे काढले होते. पण कच्च्या रताळ्यात स्टार्च घट्ट कणांत बांधलेला असतो आणि एन्झाइमला त्याच्यात शिरता येत नाही. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे हे कण पाणी पिऊन फुगू लागतात, उकलतात. मग एन्झाइम कामाला लागते. माळेच्या टोकाकडून दोन-दोन मणी काढावेत, तसे ते स्टार्चच्या लांब साखळीतून ग्लुकोजच्या जोड्या तोडत जाते. ही जोडी म्हणजे माल्टोज साखर. माल्टोजची गोडी आपल्या नेहमीच्या साखरेच्या निम्म्याहूनही कमी असते, पण ती इतकी तयार होते की चव पार बदलून जाते.

अडचण अशी की ८० अंशांच्या आसपास हे एन्झाइम स्वतःच निकामी होते. म्हणजे रताळ्याच्या गाभ्याला ६० वरून ८० वर जायला जितका वेळ लागेल तितकीच गोडी. प्रेशर कुकर हा टप्पा काही मिनिटांत ओलांडतो आणि मायक्रोवेव्ह त्याहूनही लवकर. म्हणून तिथे रताळे शिजते खरे, पण त्याचा स्टार्च बराचसा स्टार्चच राहतो. बटाट्यात हे एन्झाइम जवळपास नसते, त्यामुळे बटाटा कितीही मंद भाजला तरी गोड होत नाही. रताळ्याची कृती बटाट्याला किंवा बटाट्याची रताळ्याला लावून चालत नाही ती यामुळेच.

इथेच दुसरी चूक उघडी पडते. इंटरनेटवरच्या पुष्कळ पाककृती कच्च्या रताळ्याच्या फोडी करून त्या थेट २०० अंशांच्या ओव्हनमध्ये ढकलायला सांगतात. उष्णता आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर वेळ जवळजवळ चौपट. अडीच सेंटीमीटरची फोड तो मोलाचा टप्पा बघता बघता पार करते, पाच सेंटीमीटर जाडीचे अख्खे रताळे त्यात रेंगाळते. त्यामुळे भाजायचे ते अख्खे, सालीसकट आणि मंद. फोडी नंतर करायच्या, आणि त्यांना खरपूस करायचे ते वेगळ्या, जोरदार आचेवर. एकाच तापमानात दोन्ही कामे होत नाहीत. गोडीला वेळ लागतो आणि खरपूसपणाला जोर.

सहा माणसांच्या पानात डाव्या बाजूला वाढायला एक किलो रताळी पुरतात. भाजून, सोलून साधारण पाऊण किलो उरतात. १५० ते २०० ग्रॅमची, सगळी एकाच जाडीची निवडावीत. चार-पाच सेंटीमीटर जाडी उत्तम. एक बारीक आणि एक मुठीएवढे जाड घेतले तर एक करपते तेव्हा दुसरे आत कच्चे असते. कोकणात स्वतःच्या परसातली रताळी असतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अश्विनी’सारखे वाणही दिले आहेत. पण बाजारातला मोठा माल घाटावरून, बेळगाव आणि चंदगडच्या पट्ट्यातून उतरतो. लाल सालीचे, आतून पांढरे रताळे जास्त पिठूळ असते आणि भाजल्यावर त्याच्या फोडी आकार धरतात. आतून नारिंगी असलेल्या जातींत पाणी जास्त असते. त्या मऊ, ओलसर होतात. त्यांच्यात बीटा-कॅरोटीन (शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व होते ते द्रव्य) भरपूर असते आणि ते स्निग्ध पदार्थात विरघळते, म्हणून त्यांच्यावर तूप किंवा खोबरे घालणे नुसते चवीपुरते राहत नाही. पण तव्यावर खरपूस करायला पांढरेच बरे.

माती लागलेली रताळी धुतलेल्या चकचकीत रताळ्यांपेक्षा जास्त टिकतात. सणाच्या आठ-दहा दिवस आधी आणून ठेवली तर फायदाच होतो. शेतकरी आणि व्यापारी काढणीनंतर रताळी काही दिवस २९ ते ३२ अंश तापमानात, ८५ ते ९० टक्के आर्द्रतेत ठेवतात. त्या काळात सालीवरच्या जखमा भरून येतात, आणि पुढच्या साठवणीत काही स्टार्चची साखर होऊ लागते. पावसाळा सरतानाची किनारपट्टीची दमट, उबदार हवा आपोआप या आकड्यांच्या जवळ जाते. माळ्यावर बांबूच्या टोपलीत गोणपाट टाकून ठेवलेली रताळी चवीला चढतात ती त्यामुळे. फार महिने मात्र ठेवू नयेत. लांब साठवणीला १३ ते १५ अंशांचा थंडावा लागतो, तो आपल्याकडे नाही, आणि महिन्याभरात कोंब फुटतात किंवा भुंगा शिरतो. बटाटा उजेडात हिरवा पडून विषारी होतो तसे रताळ्याचे होत नाही, कोंब खुडून ते खाता येते. फ्रिज मात्र वर्ज्य. दहा-बारा अंशांच्या खाली कच्च्या रताळ्याला थंडीची इजा होते. मग ते तासभर शिजवले तरी मधला गाभा लाकडासारखा टणक राहतो. ‘यंदाची रताळी चांगली आली नाहीत’ या तक्रारीमागे पुष्कळदा फ्रिजचा भाजीचा कप्पा असतो.

भुंग्याबद्दल जरा थांबून सांगायला हवे. सालीवर टाचणीएवढी भोके, कापल्यावर आत तपकिरी, भुसभुशीत बोगदे आणि उग्र कडसर वास ही सोंड्या भुंग्याची खूण. किडीचा किंवा बुरशीचा हल्ला झाला की रताळे बचावासाठी कडू रसायने तयार करते आणि ती आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही पसरतात. भाजल्याने ती पुरती जात नाहीत. म्हणून थोडेच किडलेय, तेवढे कापून टाकू, हा हिशेब इथे करू नये. असे रताळे गोठ्यातही टाकायचे नाही. बुरशी आलेली रताळी खाऊन गुरांची फुप्फुसे निकामी झाल्याच्या घटना पशुवैद्यकात नोंदलेल्या आहेत.

आता भाजणे. ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) असेल तर तो आधी तापवायचा नाही, हे बहुतेक पुस्तकी सूचनांच्या उलट आहे. रताळी धुऊन पूर्ण कोरडी करावीत, दोन्ही टोके तशीच ठेवावीत, सुरीने एक-दोन ठिकाणी टोचावे. जाळीवर एकमेकांना न चिकटता मांडून थंड ओटीजीत ठेवावीत आणि १५० अंशांवर सव्वा ते दीड तास ठेवावे. खाली एक पत्रा हवाच, कारण टोकांतून पाक गळतो आणि जळतो. हा काळसर, चिकट पाक म्हणजे आतले काम मनासारखे चालल्याची खूण. विणकामाची सुई गाभ्यापर्यंत लोण्यात शिरावी तशी न अडखळता गेली की झाले. फॉइल गुंडाळू नये. आतली वाफ कोंडते आणि भाजलेल्याऐवजी उकडलेले रताळे हाती येते.

ओटीजी नसेल तर गॅसवर जाड बुडाची कढई आणि दोन किलो जाडे मीठ. मीठ आधी दहा मिनिटे कोरडे तापवून त्यातला ओलावा घालवावा. मग आच अगदी मंद करून, मीठ थोडे निवल्यावर रताळी त्यात अर्धी गाडावीत, झाकण ठेवावे आणि दर पंधरा मिनिटांनी फिरवावीत. तासाभरात होतात. जपानमध्ये रस्त्यावर गरम खड्यांत रताळी भाजून विकतात, त्यामागचे तत्त्व हेच: खडे उष्णता धरून ठेवतात आणि सावकाश देतात. मीठ सालीतून आत जात नाही आणि पुन्हा याच कामाला वापरता येते.

चूल असेल तर प्रश्नच मिटला, पण निखाऱ्यांत नाही, राखेत. करवंट्यांचा निखारा फार तडक असतो. त्यात सरळ टाकलेले रताळे बाहेरून कोळसा होते आणि आत कच्चे. रात्रीचा स्वयंपाक आटपल्यावर निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की वैलाकडच्या बाजूला दोन-तीन बोटे राखेचा थर करावा, रताळी ठेवून वर तेवढीच राख ओढावी आणि त्यावर थोडे निखारे. पाऊण ते एक तास, मध्ये एकदा उलटायचे. राख उष्णता रोखून धरते, आणि साठ-ऐंशीचा टप्पा आपसूक लांबतो. थर्मामीटर नसलेल्या काळात हे बरोबर साधलेले होते. रायगडच्या पोपटीतही मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर रताळी टाकतात. तिथे भांबुर्ड्याच्या पाल्याची वाफ असते, त्यामुळे ती सुवासिक होतात पण खरपूस नाहीत.

भाजलेली रताळी पंधरा मिनिटे तशीच निवू द्यावीत. गरम असताना कापली तर गर फुटतो. साल मग हाताने निघते. आधी भाजून मग कापण्याचा आणखी एक फायदा आहे. कच्चे रताळे कापले की पांढरा चीक निघतो, तो विळीला नि बोटांना चिकटतो, आणि फोडी हवेने काळपट पडतात. काळे पाडणारे एन्झाइमही भाजताना मेलेले असते, त्यामुळे फोडी पाण्यात बुडवून ठेवायची कटकट नाही.

दोन-अडीच सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. रुंद तव्यात दोन मोठे चमचे तूप तापवून चकत्या एका थरात मांडाव्यात, मध्यम-मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे अजिबात न हलवता ठेवाव्यात, मग उलटून तितकेच. माल्टोज आणि रताळ्यातली अमिनो आम्ले यांच्यात मेलार्ड अभिक्रिया होऊन तपकिरी कवच आणि तो विशिष्ट खमंग वास येतो. त्यासाठी पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास जावा लागतो, आणि तो ओला असेतोवर १०० च्या वर जात नाही. तव्यात गर्दी केली की वाफ धरते आणि चकत्या पचपचीत होतात. किलोभराला दोन घाणे करावेत, वेळ वाचवायला एकच करू नये. ओटीजीत करायचे तर २२० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे, मध्ये एकदा उलटून.

नवा लोखंडी तवा टाळावा. रताळ्यातले क्लोरोजेनिक आम्ल लोहाशी संयोग पावून हिरवट-करडा रंग देते. ते भाजल्याने नष्ट होत नाही, त्यामुळे आधी शिजवलेले रताळेही काळवंडते. वर्षानुवर्षे तेल मुरलेल्या तव्यावर हा त्रास फारसा नाही. असाच हिरवा रंग खायच्या सोड्यानेही येतो. खाऊन अपाय होत नाही, पण सणाच्या पानात हिरवे रताळे कुणी उचलत नाही.

वरून घालायला एक वाटी ओले खोबरे, दोन हिरव्या मिरच्या, एक चमचा जिरे. जिरे-मिरची चमचाभर तुपात फोडणीला घालून आच बंद करावी आणि मग खोबरे मिसळावे. खोबऱ्यातही साखर असते, ते तव्यावर टाकले तर चकत्या होण्याआधी तेच करपते. खोबरे निवले की दोन छोटे चमचे कोकमाचे आगळ. आंबट शेवटीच का, तर आम्लामुळे तपकिरी रंग मंदावतो. आधी आगळात घोळवलेल्या चकत्या फिक्या राहतात. आगळ मुळात खारट असते, म्हणून मीठ शेवटी चाखून घालावे, बहुधा पाव चमचाही लागत नाही. उपास नसेल तर मोहरी, हिंग, कढीपत्ता आहेच. नाताळाच्या जेवणात कोंबडीच्या सुक्याबरोबर मिरचीऐवजी ताजी मिरपूड जास्त शोभते.

मधुमेह असलेल्यांनी एक लक्षात घ्यावे. जी मंद आच गोडी वाढवते तीच रक्तातली साखर वेगाने वाढवते. भाजलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक निर्देशांक उकडलेल्यापेक्षा बराच जास्त मोजला गेला आहे. त्यांच्यासाठी दोन रताळी वेगळी उकडून घेणे सोपे.

पहिला टप्पा आदल्या संध्याकाळी उरकून ठेवता येतो. शिजलेले रताळे फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, थंडीची इजा कच्च्यालाच होते. उलट रात्रभरात स्टार्च पुन्हा घट्ट होतो, दुसऱ्या दिवशी चकत्या स्वच्छ कापल्या जातात आणि तव्यावर मोडत नाहीत. सालीसकट झाकून ठेवावीत आणि तव्यावर टाकण्याआधी अर्धा तास बाहेर काढावीत. खोबरे मात्र आयत्या वेळीच खवावे. आपल्या हवेत खवलेले ओले खोबरे चार-पाच तासांत वास मारू लागते, आणि मग चकत्या कितीही खमंग झाल्या तरी ताटली भरलेली परत येते.