अब्रूनुकसानीचा कायदा : सुधारणेचा संसदीय वाद

एखाद्याच्या नावलौकिकाला बाधा येईल असे बोलणे, लिहिणे, छापणे किंवा दाखवणे याबद्दल भारतात दोन वाटांनी दाद मागता येते. दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा लावता येतो आणि त्याच मजकुरासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे फौजदारी तक्रारही करता येते. भारतीय दंड संहितेतील कलम ४९९ व ५०० यांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली. कमाल शिक्षा दोन वर्षे साध्या कैदेचीच राहिली; तुरुंग किंवा दंडाऐवजी समाजसेवेची शिक्षा देण्याची सोय तेवढी नव्याने आली. फौजदारी वाट ठेवावी की बंद करावी, हा सुधारणेचा कळीचा प्रश्न आहे. तो संसदेपुढे अनेकदा आला, पण त्याच्या मुळाशी जाणारी चर्चा सभागृहात क्वचितच झाली. वृत्तपत्रे, वाहिन्या आणि चित्रपटसृष्टी यांचे शहर असलेल्या मुंबईला त्याची झळ दीडशेहून अधिक वर्षे बसत आली आहे.

मुंबईतील दोन जुने खटले या वादाच्या दोन्ही बाजू दाखवतात. महाराज म्हणवल्या जाणाऱ्या वैष्णव धर्मगुरूंच्या वर्तनावर ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात टीका केल्याबद्दल जदुनाथजी महाराजांनी करसनदास मुळजी यांच्यावर ५०,००० रुपयांचा दावा लावला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी या खटल्यात करसनदासांच्या बाजूने साक्ष दिली. एप्रिल १८६२ मध्ये मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने करसनदासांचा बचाव ग्राह्य धरला. जे छापले ते खरे होते, एवढे त्यांना पुरले. वीस वर्षांनी उलटे घडले. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याचे लिहिताना ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले, पण आधार मानलेली पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी माफी मागूनही १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची सजा झाली. प्रत्यक्षात ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. खोटी माहिती देणाऱ्यावर जरब हवी, हे या खटल्यावरून म्हणता येते. आणि पुराव्याला फसलेल्या संपादकाला तुरुंगात धाडावे का, हा प्रश्नही याच खटल्यातून उभा राहतो.

फौजदारी कायद्यात नुसते सत्य पुरेसे नाही. दहा अपवादांपैकी पहिल्यानुसार आरोप खरा असावा लागतो आणि तो लोकहितासाठी केलेला असावा लागतो. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. मुदतीतही असाच फरक पडतो : दिवाणी दावा एका वर्षात लावावा लागतो, फौजदारी तक्रारीला तीन वर्षे मिळतात. सौम्य उपायाला कमी मुदत आणि कडक उपायाला जास्त, ही विसंगती सुधारणेच्या चर्चेत यायला हवी होती.

हा गुन्हा अदखलपात्र (पोलीस परस्पर अटक करू शकत नाहीत असा) व जामीनपात्र आहे आणि त्यात तडजोडही होऊ शकते. कागदावर सौम्य दिसणारा हा गुन्हा प्रत्यक्षात माणसाला कसा थकवतो, हे मुंबईच्या कोणत्याही मॅजिस्ट्रेट कोर्टात, किल्ला कोर्टापासून अंधेरीपर्यंत, पाहायला मिळते. तक्रारदार शपथेवर जबाब देतो. दंडाधिकाऱ्यांना प्रथमदर्शनी तथ्य वाटले की प्रोसेस इश्यू होते, म्हणजे खटला पुढे चालवण्याचा आदेश होतो, आणि समन्स निघते. मग वकील, जातमुचलका (हजर राहण्याची लेखी हमी), जामीन. पुढे दर तारखेला हजर राहायचे, नाहीतर वकिलामार्फत हजेरीतून सूट मागणारा अर्ज द्यायचा. अर्ज फेटाळला तर वॉरंटची भीती. साक्षीदार आला नाही, तक्रारदाराचे वकील हायकोर्टात अडकले, बोर्डावर (त्या दिवसाच्या कामांच्या यादीत) कामे फार झाली, की पुढची तारीख. छोट्या साप्ताहिकाच्या संपादकाचा दिवस असा बुडतो आणि शेवटी निर्दोष सुटला तरी तो भरून मिळत नाही. निकालाच्या शिक्षेआधी भोगावी लागणारी ही शिक्षा या कायद्याचा खरा दोष आहे.

संसदेने अभिव्यक्तीच्या बाजूने टाकलेले मोठे पाऊल १९५६ चे. फिरोज गांधी यांच्या खासगी (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या) विधेयकामुळे संसदेच्या कामकाजाचा खराखुरा, द्वेषभाव नसलेला वृत्तांत छापणाऱ्यांना संरक्षण मिळाले. आणीबाणीत १९७६ साली तो कायदा रद्द झाला, १९७७ मध्ये परत आला आणि पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१अ मध्ये राज्य विधिमंडळांच्या वृत्तांतालाही तसेच कवच मिळाले.

१९८८ मध्ये दिशा उलटी होती. बोफोर्स तोफांच्या खरेदीतील लाचेच्या बातम्या गाजत असताना राजीव गांधी सरकारने अब्रूनुकसानी विधेयक आणले. लोकसभेत चारशेहून अधिक जागा हाताशी असल्याने ऑगस्टच्या अखेरीस ते तिथे झटपट मंजूरही झाले. सिद्धतेचा भार आरोपीवर टाकणाऱ्या तरतुदींवर देशभरातील पत्रकार आणि वृत्तपत्रे तुटून पडली. सप्टेंबरमध्ये सरकारने विधेयक मागे घेतले. लोकसभेत अडले नाही ते रस्त्यावर अडले.

त्यानंतर लढा न्यायालयात गेला. सुब्रमण्यम स्वामी, राहुल गांधी व अरविंद केजरीवाल हे राजकारणातले विरोधक कलम ४९९ च्या घटनात्मकतेला आव्हान देणाऱ्यांत एकत्र आले. १३ मे २०१६ रोजी न्या. दीपक मिश्रा व न्या. प्रफुल्ल पंत यांच्या पीठाने कलम वैध ठरवले. प्रतिष्ठा हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हा त्यामागचा मुख्य आधार. बिजू जनता दलाचे खासदार तथागत सत्पथी यांनी फौजदारी तरतूद काढून दिवाणी कायदा नीट लिहून काढण्याचे खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही.

खरी संधी होती डिसेंबर २०२३ ची. संपूर्ण दंड संहिताच बदलली जात होती. पण त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित होते. २० डिसेंबरला लोकसभेने आणि २१ ला राज्यसभेने विधेयके मंजूर केली. १८६० च्या दंड संहितेतील अब्रूनुकसानीची व्याख्या व तिचे अपवाद जवळपास जसेच्या तसे नव्या संहितेत उतरले. दीडशे वर्षांच्या अनुभवावर वाद घालण्याची जागा संसदच होती आणि तिथे तो झाला नाही, याची खंत वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८५ व्या अहवालात फौजदारी तरतूद कायम ठेवण्याचीच शिफारस केली. ब्रिटनने मात्र २००९ च्या कायद्याने फौजदारी बदनामी रद्द केली आहे आणि श्रीलंकेने २००२ मध्येच.

दोन वर्षांच्या कमाल शिक्षेला राजकीय वजनही आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की सदस्यत्व जाते. मार्च २०२३ मध्ये सुरतच्या न्यायालयाने अब्रूनुकसानीच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा दिल्यानंतर राहुल गांधींची खासदारकी गेली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीनंतर परत मिळाली. मुंबईत सप्टेंबर २०२४ मध्ये माझगावच्या न्यायालयाने खासदार संजय राऊत यांना १५ दिवसांची शिक्षा व २५,००० रुपये दंड ठोठावला. अपिलासाठी तिला स्थगिती मिळाली. सभागृहात बोलण्याला अनुच्छेद १०५ व १९४ चे संरक्षण आहे. विधान भवनात आमदाराने केलेल्या आरोपावर खटला होत नाही. तेच वाक्य बाहेर पायऱ्यांवर कॅमेऱ्यांपुढे उच्चारले की होऊ शकतो.

एक चांगला बदल गाजावाजा न होता आला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम २२३ नुसार खासगी तक्रारीची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. पोकळ तक्रारी दारातच थांबू शकतील, असे हे हत्यार आहे.

फौजदारी कलम गेले तरी दिवाणी दाव्याचा धाक उरतोच. पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र चुकून दाखवणाऱ्या वृत्तवाहिनीला १०० कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितले होते. असे आकडे दाव्यात घालणे श्रीमंत वादीला महाराष्ट्रात फार महाग पडत नाही, कारण २०१८ च्या दुरुस्तीनंतरही कोर्ट फीची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. दावा १०० कोटींचा असो वा ५०० कोटींचा, फी तेवढीच. कोर्ट फी राज्याच्या अखत्यारीत येते, त्यामुळे ही कमाल मर्यादा बदलण्याची दुरुस्ती महाराष्ट्र विधिमंडळ स्वतःच करू शकते.