‘वसाहत’ कुठली? एका विद्यार्थी पारितोषिकाची पार्श्वभूमी

वसाहतोत्तर साहित्याच्या, म्हणजे परकीय सत्तेखालून सुटलेल्या समाजांच्या लेखनाच्या, अभ्यासासाठी विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या पारितोषिकाचं यंदाचं पत्रक आलं आणि रत्नागिरी-चिपळूणकडच्या प्राध्यापकांत जुनाच वाद पुन्हा निघाला. वाद निबंधांच्या दर्जाचा नाही, पत्रकातल्या एका शब्दाचा आहे.

हा विषय इंग्रजी विभागांतून आला, तोही आधी ‘राष्ट्रकुल साहित्य’ या नावाने. १९७८ च्या एडवर्ड सईद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ या पुस्तकानंतरची सैद्धांतिक चर्चा इथे उगाळत नाही, ती वर्गात पुरेशी उगाळून झालेली असते. पारितोषिक मराठी निबंधांना खुलं झालं तेव्हा ‘वसाहतोत्तर’ हा शब्द सगळ्यांना आवडला होता. ‘उत्तर’ म्हणजे नंतरचं आणि जबाबही, एका शब्दात दोन्ही!

घोळ घातला तो ‘वसाहती’ने. खेड-चिपळूणकडे वसाहत म्हटलं की डोळ्यांसमोर येते लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत. एका वर्षी एका मुलाने ‘वसाहतीनंतरची खाडी’ असा निबंध पाठवला. कारखान्यांच्या सांडपाण्यानंतर खाडीकाठच्या बोलीचं काय झालं, हा त्याचा विषय. शेवटी दोन रकाने होते: आजोबांना येणारी माशांची नावं आणि नातवाला येणारी. पहिला रकाना पानभर, दुसऱ्यात काळुंदर, बोय, तांबोशी आणि चिंबोरी.

परीक्षकांनी ‘विषयबाह्य’ असा शेरा मारून तो बाजूला ठेवला. पुढच्या पत्रकात कंस आला: ‘वसाहत म्हणजे परकीय सत्तेची, १९४७ नंतरचं साहित्य’. माझ्या मते शेरा चुकला आणि कंसाने ती चूक पक्की केली. सावंतवाडीच्या मुलींनी लगेच विचारलं, पलीकडचा गोवा तर १९६१ ला सुटला, मग मधल्या चौदा वर्षांतलं गोव्याचं लेखन कशात धरायचं? रेवदंड्याजवळच्या कोर्लईचं कोडं तर याहून अवघड. तिथली पोर्तुगीज सत्ता १७४० च्या सुमारास गेली, पण पोर्तुगीजातून घडलेली बोली आजही घरात बोलतात. ‘उत्तर’काळ तिथे कधी सुरू झाला म्हणायचा?

यंदा कंस काढलाय. ‘वसाहत’ही काढली. त्याजागी देवनागरीत ‘पोस्टकलोनियल’ छापलंय. आता कॉलनी म्हटलं की आमच्याकडे शिक्षक कॉलनीच आठवते, हे बहुधा बैठकीत कुणाच्या ध्यानात आलं नसावं.