ई-मेलवरचा कर आणि इंटरनेटच्या बिलावरचा कर

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या आमच्या एका निवृत्त काकांनी परवा दोन वस्तू माझ्यापुढे ठेवल्या. एक होता व्हॉट्सॲपवर आलेला निरोप, ज्यात सरकार लवकरच प्रत्येक ई-मेलमागे कर घेणार असल्याचे छातीठोकपणे सांगितले होते. आणि दुसरे होते घरच्या ब्रॉडबँडचे बिल, ज्यावर केंद्राचा ९ टक्के आणि मध्य प्रदेशचा ९ टक्के जीएसटी वेगवेगळ्या ओळींत छापलेला होता. "अहो, अफवा कसली? वसुली तर केव्हाच सुरू झाली आहे," असे त्यांचे म्हणणे होते.

बिलावरच्या दोन ओळी खऱ्या आहेत, पण त्यांचा ई-मेलशी संबंध नाही. कंपनीने आपल्याला इंटरनेटची जोडणी दिली आणि आपण तिचे पैसे मोजले, त्या मोबदल्यावर हा कर बसतो. योजना ५०० रुपयांची असेल तर कर ९० रुपये, म्हणजे केंद्राला ४५ आणि राज्याला ४५. मग महिन्याभरात काकांनी दोनशे ई-मेल पाठवले काय किंवा एकही पाठवला नाही काय, त्या ९० रुपयांत पैशाचाही फरक पडत नाही. हा कर नवाही नव्हे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होण्यापूर्वी याच बिलावर उपकर धरून १५ टक्के सेवाकर होता. मोबाइलच्या रिचार्जमध्ये कराची रक्कम किमतीतच मिसळलेली असल्यामुळे ती डोळ्यांत भरत नाही, आणि म्हणूनच बहुधा हा संशय रिचार्ज करणाऱ्या नातवाला न येता बिल वाचणाऱ्या आजोबांना येतो.

निरोपातला कर मात्र निराळ्या जातीचा आहे. तो पत्रामागे लागणार, म्हणजे पत्रे कोणीतरी मोजावी लागणार. जीएसटी टक्केवारीने लागतो आणि टक्केवारीला आधी किंमत लागते. फुकट पाठवलेल्या ई-मेलला किंमतच नसल्यामुळे तिचे १८ टक्के काढायचे कशाचे? एखादा व्यापारी मेलबॉक्सचे वार्षिक शुल्क भरत असेल तर त्या शुल्कावर जीएसटी लागतो हे खरे, पण तिथेही कर सेवेवरच असतो, एकेका पत्रावर नाही.

या अफवेची जुनी आवृत्ती अमेरिकेतली आहे. १९९९ मध्ये तिथे '६०२-पी' नावाच्या विधेयकाची बातमी मेलमधूनच पसरली: टपाल खात्याचे नुकसान भरून काढण्यासाठी प्रत्येक ई-मेलला ५ सेंट. असे विधेयक कधी मांडले गेलेच नाही. तिथल्या प्रतिनिधिगृहातील विधेयकांच्या क्रमांकाआधी 'एच.आर.' आणि सेनेटच्या विधेयकांआधी 'एस.' ही अक्षरे असतात. '६०२-पी' या दोन्हींत बसत नाही, आणि विधेयकाचा पुरस्कर्ता म्हणून ज्याचे नाव दिले होते तो सदस्यही सभागृहात नव्हता. तरीसुद्धा ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या सेनेट निवडणुकीच्या वादसभेत हिलरी क्लिंटन आणि रिक लाझिओ यांना या विधेयकाविषयी गंभीरपणे प्रश्न विचारला गेला, आणि दोघांनीही नसलेल्या विधेयकाला विरोध दर्शवला. काकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना जरा बरे वाटले असावे.

गोंधळ वाढवणारी एक खरी गोष्टही त्याच वर्षातली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९९ च्या मानव विकास अहवालात 'बिट टॅक्स'ची कल्पना मांडली होती. दहा किलोबाइटची शंभर पत्रे पाठवल्यास एक सेंट, असा तो हिशेब होता, आणि असा कर १९९६ मध्ये जगभर असता तर ७० अब्ज डॉलर जमले असते, असे अहवालात म्हटले होते. ही सूचना कागदावर होती, पण तिच्यातही कर पत्रांच्या संख्येवर नसून वाहून गेलेल्या माहितीच्या आकारमानावर होता. शिवाय कोणत्याही देशाच्या नागरिकांवर कर बसवण्याचा अधिकार त्या संस्थेला नव्हता. टीका झाल्यावर ती कल्पना मागे पडली.

काकांचा शेवटचा प्रश्न मार्मिक होता: मग कागदी पत्रावर तरी कर आहे की नाही? जुलै २०२२ मध्ये टपालाच्या बऱ्याच सेवांची जीएसटीतली सूट काढून घेण्यात आली, तेव्हा पोस्टकार्ड, अंतर्देशीय पत्र, बुकपोस्ट आणि १० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे साधे पाकीट मात्र करमुक्तच ठेवले गेले. स्पीड पोस्टला तशी सूट त्याआधीही नव्हती.