आधी बैल, मग गाय, आता कुत्रा

शस्त्रक्रिया, चयापचयाचे आजार आणि मूलपेशी म्हणजेच वेगवेगळ्या पेशी घडवू शकणाऱ्या स्टेम सेल, हे तीन विषय हल्ली पशुवैद्यकीय संशोधनात हातात हात घालून येतात. लठ्ठ घोड्याच्या चरबीतून काढलेल्या मूलपेशी दुबळ्या का निघतात, असा प्रश्न एखादा शोधनिबंध विचारतो आणि तिन्ही विषय एका शीर्षकात बसतात. त्यांचा उगम मात्र एका ठिकाणी झालेला नाही. नागपुरात बसून मागे पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. ज्या काळात ज्या जनावराला मोल होतं, त्या काळात त्याच्याच दुखण्याचा अभ्यास झाला. विज्ञानाची प्रगती वगैरे खरी, पण अभ्यासाची दिशा बऱ्याचदा गोठ्याच्या हिशेबानंच ठरवली.

सुरुवातीला तर शस्त्रक्रियेला फुरसतच नव्हती. इंग्रजी अमलात सरकारला धास्ती होती ती बुळकांडीची, म्हणजे गुरं मारणाऱ्या रिंडरपेस्टच्या साथीची. या साथीवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला. १८८९ मध्ये पुण्यात जीवाणूशास्त्राची प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलली. आजची आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, ही तिचीच पुढची पिढी. मुंबईला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झालं. मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपूरला १९०६ मध्ये कृषी महाविद्यालय मिळालं, पण जनावरांच्या डॉक्टरकीचं महाविद्यालय यायला आणखी अर्धं शतक जावं लागलं. तोवर गावोगावच्या पशुवैद्यकाचं काम म्हणजे बुळकांडी, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी टोचत फिरणं. बुळकांडी जगातून संपल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. माणसानं समूळ घालवलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग आहे, आणि तरी त्याची आठवण आपल्याकडे कुणी फारशी काढत नाही.

तेव्हा महागडं जनावर होतं घोडा. नागपूरजवळची कामठीची लष्करी छावणी १८२१ पासूनची. लष्करी घोड्याच्या पायाची शीर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा मागचा कंडरा, दुखावली की त्यावर तापलेल्या लोखंडानं डाग द्यायचे, ही युरोपातल्या शिकलेल्या घोडेवैद्यांचीसुद्धा मान्य पद्धत होती. आपल्याकडे लंगड्या बैलाच्या खांद्यावर, फऱ्यावर डागणी देणारे जाणकार गावात असायचेच. डागल्याचे वण असलेली जनावरं आजही बाजारात दिसतात. गोऱ्हा खच्ची करायचा तर दगडावर घेऊन बडवायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीच्या बर्डिझो यांनी बनवलेला चिमटा आला आणि कातडी न फाडता आतली नस दाबून काम होऊ लागलं. जनावरांचे हाल कमी करणारं एकच अवजार निवडायचं झालं तर मी हा चिमटा निवडीन.

नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ मध्ये सुरू झालं. योगायोग असा की त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये काही शल्यचिकित्सकांनी मोडलेलं हाड धातूच्या पट्टीनं आणि स्क्रूंनी घट्ट बसवण्याच्या तंत्रासाठी एओ नावाचा गट स्थापन केला. आज महाविद्यालयाच्या सेमिनरी हिल्सवरच्या दवाखान्यात कुत्र्याच्या मांडीत पट्टी बसते, ती त्याच घराण्यातली. १९६९ मध्ये अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ निघाल्यावर महाविद्यालय त्याच्या छत्राखाली गेलं. २००० मध्ये पशू व मत्स्य विज्ञानाचं स्वतंत्र विद्यापीठ, म्हणजे माफसू, नागपुरातच उभं राहिलं. राज्यातल्या बाकीच्या कृषी शिक्षणाची मुख्यालयं राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी विखुरलेली असताना जनावरांचं विद्यापीठ नागपूरला आलं, ही विदर्भासाठी लहान बाब नव्हे.

त्या पहिल्या दशकांतली शस्त्रक्रिया बैलाभोवती फिरत होती. जुवानं खांदा सुजणं, त्यात पू होणं, शिंगाचा कर्करोग, शिंग मोडणं, खूर सडणं. शिंगाचा कर्करोग हा तर खास भारतीय बैलाचाच म्हणावा असा आजार. शिंगाच्या मुळाशी आतून गाठ वाढते, बैल डोकं एका बाजूला कलवतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पाणी येतं, आणि शिंग लोंबू लागतं. उपाय एकच, शिंग मुळापासून कापून वर कातडी शिवून घेणं. यावर देशभरातल्या महाविद्यालयांत प्रबंधांची चळत आहे. हे रुग्ण आता कमी दिसतात, त्याचं मोठं कारण मात्र ट्रॅक्टर आहे. बैलच कमी झाले.

बैलावर शस्त्रक्रिया करताना खरी अडचण भुलीची. रवंथ करणाऱ्या जनावराला पूर्ण बेशुद्ध करून आडवं पाडलं की पोटात वायू साठतो, पोटातलं पाणी घशाकडे येतं आणि ते फुप्फुसात गेलं तर जनावर हातचं जातं. म्हणून गाईम्हशींची बरीच शस्त्रक्रिया उभ्यानंच, कण्याच्या बाजूच्या नसा बधिर करून करायची असं तंत्र रुळलं. १९६२ मध्ये जर्मनीत झायलाझिन नावाचं औषध तयार झालं. घोड्याला लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात गाय खाली बसते, हे कळायला सुरुवातीला काही जनावरांनी किंमत मोजली असणार.

म्हैस हा आणखी वेगळा प्रकार. कडब्याबरोबर, ढेपेबरोबर खिळे, तारा पोटात जातात. जड असल्यामुळे त्या जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या चार कप्प्यांपैकी एकात साठतात, आणि जाळीपोट असतं हृदयाच्या अगदी मागे, मध्ये फक्त श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा. गाईत ती तार पुढे सरकून हृदयाच्या आवरणात शिरते. म्हशीत पुष्कळदा तार श्वासपटल कमकुवत करते आणि जाळीपोटच छातीत घुसतं. म्हैस खाणं सोडते, पोट वरचेवर फुगतं, शेण काळं आणि चिकट होतं. मालकाला वाटतं अपचन आहे, आणि दोन आठवडे हिंग, सोडा, तेल यांत जातात. यावर भारतातल्या शल्यचिकित्सकांनी जे काम केलं ते जगात दुसरीकडे फारसं झालेलंच नाही, कारण इतक्या म्हशी दुसरीकडे नाहीत. आधी कोटीपोट, म्हणजे पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, उघडून ते रिकामं करायचं, तारा काढायच्या. मग एकदोन दिवसांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत जाळीपोट खाली ओढून श्वासपटलाचं भोक शिवायचं. भोक उघडं असताना फुप्फुस मिटतं, म्हणून तेवढा वेळ यंत्रानं किंवा पिशवी दाबून श्वास द्यावा लागतो. पाचशे किलोच्या जनावराला हाताने श्वास देणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. अलीकडे तारेच्या जोडीला प्लॅस्टिक आलं आहे. शहरात मोकाट फिरणाऱ्या गाईंच्या कोटीपोटातून ते गोळ्यांनी निघतं.

वेदनाशामकांची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. लंगड्या बैलाला, शस्त्रक्रिया झालेल्या गाईला डायक्लोफेनॅक टोचणं सरसकट झालं होतं. स्वस्त आणि गुणकारी. अशी जनावरं मेली की गिधाडं ती खायची आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. हे २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून उघड झालं आणि २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. गुराच्या लंगडेपणाचा इलाज आभाळातल्या पक्ष्याला कसा मारतो, याचा विचार तोवर कुठल्याच शल्यचिकित्सेच्या पुस्तकात नव्हता.

चयापचयाच्या आजारांचा अभ्यास गमतीनं शस्त्रक्रियेतूनच निघाला. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि त्याच्या लघवीत साखर उतरली. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी अशाच कुत्र्यांवर काम करून इन्सुलिन मिळवलं. पुढची साठेक वर्षं जगभरची मधुमेही माणसं गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातलं इन्सुलिन टोचून जगली. कुत्र्याचं आणि डुकराचं इन्सुलिन हुबेहूब सारखं आहे, त्यामुळे मधुमेही कुत्र्याला डुकराचं इन्सुलिन चालतं.

गाईच्या बाबतीत मात्र वेगळंच घडलं. उपाय सापडला तेव्हा कारण माहीत नव्हतं. व्यायल्यावर एकदोन दिवसांत चांगली दुधाळ गाय खाली बसते, मान कुशीवर टाकते, अंग थंड पडतं आणि उपचार न झाल्यास बहुतेक मरते. हा दुग्धज्वर. डेन्मार्कच्या श्मिट नावाच्या पशुवैद्यकानं १८९७ मध्ये सडांतून कासेत पोटॅशियम आयोडाइड सोडलं. कासेत विष तयार होतं अशी त्याची समजूत. गाई उठू लागल्या. थोड्याच वर्षांत कळलं की औषध कशाला, नुसती हवा भरली तरी गाय उठते. मग सायकलच्या पंपासारखे कासेचे पंप घेऊन पशुवैद्यक हिंडू लागले. खरं कारण १९२५ मध्ये सापडलं, ते म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरणं. हवेनं कास ताणली की दूध तयार होणं थांबतं आणि कॅल्शियम रक्तात राहतं, इतकंच. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम तीन ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि दहा लिटर चिकात वीस ग्रॅमहून जास्त निघून जातं. हाडांतून ते झटपट सुटलं नाही तर गाय बसणारच. आज शिरेतून कॅल्शियमची बाटली सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत लावतात, आणि तासाभरात गाय उठून शेण टाकते. पशुवैद्यकाला गावात देवपण मिळवून देणारा असा दुसरा उपचार नाही.

हा आजार विदर्भात घराघरांत कळायला मात्र संकरित गाय यावी लागली. इथली गवळाऊ गाय आपल्या वासराला पाजून घरापुरतं दूध देणारी, तिची खरी कीर्ती बैलांसाठी. तलवारीसारखी मागे वळलेली शिंगं असलेली नागपुरी म्हैसही माफक दुधाची आणि उन्हाला टिकणारी. त्यांच्या रक्तातलं कॅल्शियम रिकामं करण्याइतकं दूधच नव्हतं. दुधाचा महापूर आला, जर्सी-होल्स्टीनचं रक्त आलं. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत शेतकऱ्यांना दुभत्या गाई देण्याची योजना होती. सोयाबीनचं कुटार, धानाची तणीस आणि थोडी सरकी ढेप यांवर जगणाऱ्या गोठ्यात वीस लिटरची गाय बांधायची आणि वर तिच्या आजारपणाला नशिबाचा दोष द्यायचा, हे त्या काळात सर्रास झालं. माझ्या मते ती चूक शेतकऱ्याची नव्हती. भरपूर दूध आणि अपुरं खाद्य यांतून किटोसिस, म्हणजे अंगची चरबी जळून रक्तात किटोन साठण्याचा आजार, होतो. पेंढा-कुटारात फॉस्फरस कमी, त्यामुळे व्यायलेल्या म्हशीच्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी कॉफीसारखी होते. ही दुखणी टाळण्याची जागा चाऱ्यातच आहे. व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत खाद्यातल्या क्षारांचा तोल बदलला तर दुग्धज्वर टाळता येतो, हे नॉर्वेतल्या संशोधकांनी साठ-सत्तरच्या दशकातच दाखवलं होतं.

आणि बैल यातून सुटला असं नाही. पोळ्याला पुरणपोळ्या, ठोंबरा असा भरपेट नैवेद्य झाला की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रांग लागते. कोटीपोटात पिठूळ अन्न आंबून लॅक्टिक आम्ल होतं, तिथले उपयोगी जंतू मरतात, बैल सुस्त पडतो. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं गाईला घालण्याचं पुण्यही याच मार्गानं जातं.

मूलपेशींची कहाणी पुन्हा कुत्र्यापासून सुरू होते. पन्नाशीच्या दशकापासून अमेरिकेत डोनॉल थॉमस यांनी कुत्र्यांवर अस्थिमज्जा रोपणाचे प्रयोग केले, त्यातूनच रक्ताच्या कर्करोगाचा उपचार निघाला आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच सुमाराला सोव्हिएत रशियात फ्रिडेनश्टाइन यांनी मज्जेत हाड बनवू शकणाऱ्या वेगळ्या पेशी असल्याचं दाखवलं. या पेशी परत जनावराच्याच इलाजाला वापरण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न घोड्यावर झाला, आणि तोही त्या जुन्या दुखऱ्या शिरेवर. २००३ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या चमूनं घोड्याच्या स्वतःच्या मज्जेतल्या पेशी वाढवून फाटलेल्या कंडऱ्यात टोचल्याचं प्रसिद्ध केलं. जिथे शंभर वर्षांपूर्वी तापलेलं लोखंड टेकवत होते, तिथे आता सुई. २०१९ मध्ये युरोपात घोड्यांसाठी मूलपेशींचं पहिलं औषध मंजूर झालं. आपल्याकडे कर्नालच्या एनडीआरआयनं, म्हणजे राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं, २०१० मध्ये भ्रूणाच्या मूलपेशीपासून गरिमा-२ ही क्लोन म्हैस जन्माला घातली, आणि २०१३ मध्ये तिला महिमा नावाची पारडी झाली.

सुरुवातीचा समज असा होता की टोचलेली पेशी स्वतःच कूर्चा होते, कंडरा होते. आता बहुतेकांचं मत वेगळं आहे. ती पेशी फार दिवस टिकत नाही, पण जाण्याआधी आजूबाजूच्या पेशींना सुधारायचे आणि सूज आवरायचे निरोप सोडते. आणि इथेच चयापचय आडवा येतो. पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या संशोधकांनी दाखवलं की लठ्ठपणा आणि इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, म्हणजे चयापचयाचा विकार जडलेल्या घोड्याच्या चरबीतल्या मूलपेशी लवकर थकतात, त्यांची मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी अंगकं, बिघडलेली असतात. म्हणजे ज्याला इलाजाची जास्त गरज, त्याचंच औषध कमअस्सल.

नागपुरात याचा संबंध घोड्याशी फारसा येत नाही, येतो तो लॅब्रेडॉरशी. घरात बसून पोळी-दूध, बिस्किटं खाणारा, एप्रिल-मेच्या उन्हात बाहेर न पडणारा, नितंबाचे सांधे आनुवंशिकतेनं सैल झालेला जाडजूड कुत्रा. त्याच्या सांध्यासाठी मूलपेशींची चौकशी करणारे मालक आता आहेत. कुत्रा चालतोय की नाही हे मालकाला विचारलं तर नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या गटातही बरेच मालक सुधारणा सांगतात. म्हणून दाबाच्या पट्टीवर पाय किती भार घेतो हे मोजल्याशिवायच्या दाव्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही. आधी कुत्र्याचं वजन उतरवावं. तो उपचार सिद्ध झालेला आहे आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

मोलाचा हा हिशेब जिथे लागूच पडत नाही असं एक प्रकरणही नागपुरातच झालं. साहेबराव नावाच्या वाघानं २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या सापळ्यात पुढच्या पायाची बोटं गमावली. दुखऱ्या नसेची गाठ काढून त्याची वेदना कमी केली गेली, आणि जानेवारी २०२० मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात माणसांचे अस्थिशल्यचिकित्सक, माफसूचे पशुवैद्यक आणि आयआयटी मुंबईच्या मदतीनं त्याला कृत्रिम पंजा बसवला. शुद्धीवर आल्यावर त्यानं तो ओढून काढला.