'मास्टर' म्हणजे काय आणि गाणं नक्की कोणाचं : थोडी पार्श्वभूमी

30 मे 2025 ला अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टने पत्र टाकलं की पहिल्या 6 अल्बमचे मास्टर्स आता माझे झाले, आणि दिवसभर आपल्या ग्रुप्सवर सुद्धा 'तिने स्वतःची गाणी परत विकत घेतली' हेच फिरत होतं. पण ते वाक्य निम्मं चूक आहे. गाणी तिचीच होती, पहिल्यापासून. विकली गेली ती रेकॉर्डिंग्ज.

सगळा घोळ 'मास्टर' या शब्दाचा आहे. स्टुडिओत ज्या टेपवर मूळ रेकॉर्डिंग पक्कं व्हायचं ती मास्टर टेप, तिच्यावरून पुढे तबकड्या निघायच्या. टेप गेली, शब्द राहिला, आणि आता मास्टर म्हणजे त्या रेकॉर्डिंगवरचा मालकी हक्क. दुसरा हक्क शब्दांचा आणि चालीचा, त्याला तिकडे पब्लिशिंग म्हणतात. पब्लिशिंग म्हटलं की आपल्याला पुस्तक आठवतं आणि ते काही अगदीच चूक नाही, कारण रेकॉर्डचा धंदा यायच्या आधी गाणी छापील कागदावर विकली जायची, पैसा छापणाऱ्याकडे जमायचा, कागद संपला तरी नाव चिकटून राहिलं. म्हणजे जमीन एकाची आणि वर बांधलेलं घर दुसऱ्याचं असला प्रकार, शब्द आणि चाल ही जमीन, रेकॉर्डिंग हे घर. नुसता गायक असेल तर त्याच्याकडे यातलं काहीच नसतं, करारात असेल तेवढी रॉयल्टी फक्त. जो स्वतः लिहितो त्याच्याकडे निदान जमीन असते, अर्थात ती त्याने आधीच कोणाला देऊन टाकली नसेल तर.

आणि अमेरिकेत ही जमीन फार किमती आहे, कारण तिकडे साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला नाही. आजही नाही! कंट्री म्युझिक, म्हणजे तिकडचं गावाकडचं गाणं, तर रेडिओवरच वाढलेलं, त्यामुळे त्याचं माहेर असलेल्या टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये गिटार घेऊन आलेलं पोरगं आधी गायक नाही, गाणी लिहिणारा म्हणून नोकरी शोधतं ते उगाच नाही.

जुना काळ थोडक्यात. 1927 च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस मशीन घेऊन आला आणि डोंगरातल्या गाणाऱ्यांना एका गाण्याचे 50 डॉलर देऊन रेकॉर्ड करून गेला, कंट्रीचा इतिहास बहुतेक लोक इथूनच मोजतात. त्या माणसाची हुशारी अशी की कंपनीकडून पगार घ्यायचा नाही, त्याच्या बदल्यात गाण्यांचे प्रकाशन हक्क स्वतःकडे ठेवायचे. गाणाऱ्यांना 50 डॉलर खूप वाटले, आणि त्या वेळी ते खूप होतेही. तेव्हा गाण्याच्या मालकाला मिळणारा कायद्याने ठरलेला दर होता रेकॉर्डच्या एका कॉपीमागे 2 सेंट, तो 1909 पासून 1977 संपेपर्यंत तसाच राहिला, एवढी वर्षं! (2025 मध्ये तोच 12.7 सेंट होता.) पुढे 1950 च्या दशकाच्या शेवटी टेक्सासातल्या विली नेल्सन या गायकाने पोट भरायला स्वतःचं गाणं 50 डॉलरला विकलं, दुसऱ्याने गायलं, हिट झालं.

मला यातला सगळ्यात आवडता निर्णय 1974 चा. टेनेसीच्या डोंगरातून आलेली, बारा भावंडांतली एक मुलगी, डॉली पार्टन, गाण्यातल्या जुन्या जोडीदाराच्या टीव्ही शोमधून बाहेर पडताना त्याच्यासाठी 'आय विल ऑलवेज लव्ह यू' लिहिते, कंट्री चार्टवर ते पहिलं येतं आणि मग रॉक अँड रोलच्या राजाला, एल्व्हिस प्रेस्लीला, ते गायचं असतं. त्याच्या मॅनेजरची अट, अर्धं पब्लिशिंग आम्हाला. ही तिकडची रीतच होती, राजा गाणार म्हणजे अर्धं द्यायचंच. ती नाही म्हणाली, रात्रभर रडली असं तिने स्वतः सांगितलंय, पण दिलं नाही. 1992 मध्ये तेच गाणं एका सिनेमासाठी दुसऱ्या गायिकेने गायलं, 14 आठवडे पहिल्या नंबरवर, आणि लिहिणारीचे सगळे पैसे तिच्याकडेच आले. लोक याला नशीब म्हणतात. मला तरी तो शुद्ध हिशोब वाटतो, आणि तो सुद्धा अशा काळात केलेला जेव्हा रेकॉर्डिंगला स्वतःचा वेगळा केंद्रीय कॉपीराइट मिळून दोनच वर्षं झाली होती, 15 फेब्रुवारी 1972 पासून तो लागू झाला. म्हणजे जमिनीचा कायदा जुना आणि घराचा कायदा अगदी नवा. 1976 च्या कायद्यात आणखी एक कलम आलं, हक्क देऊन टाकले तरी 35 वर्षांनी निर्मात्याला ते परत मागता येतील. त्यालाही पळवाट आहे, काम 'मजुरीवर करून घेतलेलं', म्हणजे पहिल्यापासून करून घेणाऱ्याचंच, ठरलं तर परत काही मागता येत नाही. 1999 च्या शेवटी एका भल्यामोठ्या विधेयकात गुपचूप ओळ घुसडून सगळी रेकॉर्डिंग्ज या मजुरीच्या यादीत टाकली गेली होती, कलाकार खवळले आणि पुढच्याच वर्षी ती ओळ काढावी लागली. ज्याने ती घातली तो कर्मचारी थोड्याच दिवसांत रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेत नोकरीला लागला, यावर मी काही बोलत नाही.

आता मूळ मुद्दा. टेलर पेनसिल्व्हेनियाची मुलगी, घरचे तिच्यासाठी नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिलला राहायला आले, 14 व्या वर्षी एका प्रकाशकाकडे गाणी लिहायला लागली, आणि 15 व्या वर्षी, 2005 मध्ये, नुकत्याच सुरू झालेल्या एका छोट्या कंपनीबरोबर करार केला. 6 अल्बम, मास्टर्स कंपनीचे. यात फसवणूक नव्हती, नवीन पोरीला सगळीकडे हाच करार मिळाला असता, आणि कंपनीने पैसेही लावलेच की. 2006 ते 2017 मध्ये 6 अल्बम झाले, नोव्हेंबर 2018 मध्ये ती दुसऱ्या कंपनीत गेली आणि तिथे पहिलीच अट, पुढचे मास्टर्स माझे. 30 जून 2019 ला जुनी कंपनी विकली गेली, आकडा 30 कोटी डॉलरच्या आसपास, आणि घेणारा नेमका तोच मॅनेजर ज्याच्याशी तिचं वाकडं, स्कूटर ब्रॉन.

वाद इथे आहे. ती म्हणते मला सरळ विकत घ्यायची संधीच दिली नाही, एक नवा अल्बम द्या आणि एक जुना घ्या अशी अट होती, म्हणजे परत सहा. जुन्या कंपनीचा, म्हणजे विकणारा, मालक म्हणतो सगळं टेबलावर होतं, तिने जायचं ठरवलं, आणि तिचे वडील स्वतः छोटे भागधारक, 25 जूनला भागधारकांचा फोन कॉल झाला होता. तिच्याकडून उत्तर, वडील त्या कॉलवर नव्हतेच, कारण ऐकलं असतं तर गोपनीयतेच्या अटीमुळे मुलीलाही सांगता आलं नसतं. मालकाने कागद आणि मेसेज बाहेर काढले, तिने आपली बाजू लिहून मांडली, आणि दोन्ही वाचून माणूस परत तिथेच येतो. कायद्याने विकणारा बरोबर होता, एवढं नक्की. पण 15 वर्षांच्या मुलीच्या सहीवर 29 व्या वर्षीच्या बाईचं सगळं काम तिच्या नावडत्या माणसाकडे जातं, हे कायद्याने बरोबर असलं तरी वाचवत नाही.

मग तिने जमीन वापरली. लिहिणारी तीच, त्यामुळे तीच गाणी पुन्हा गायला तिला कोणाला विचारायचं नव्हतं, फक्त करारातली मुदत संपायची होती, पहिल्या पाच अल्बमची ती नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. आपल्याकडे 80 च्या दशकात जुन्या हिंदी गाण्यांच्या नव्या आवाजातल्या स्वस्त कॅसेट यायच्या, त्यांना व्हर्जनच म्हणायचे, इथे फरक एवढाच की मूळ गायिकाच स्वतःचं व्हर्जन काढत होती, आणि तेही स्वस्त नाही! एप्रिल 2021, नोव्हेंबर 2021, जुलै 2023, ऑक्टोबर 2023, चार अल्बम, प्रत्येकावर कंसात तिच्या नावाची पाटी. त्यातलं एक 10 मिनिटांचं गाणं पहिल्या नंबरवर गेलं, एवढं लांब गाणं त्याआधी कधी तिथे पोचलं नव्हतं. पण खरी गोम जाहिराती आणि सिनेमात आहे. तिथे गाणं वापरायला घर आणि जमीन दोन्हीच्या मालकाची परवानगी लागते, आणि जुन्या रेकॉर्डिंगला ती जमिनीची परवानगीच देईना. त्यामुळे 30 कोटींच्या मालाचा एक मोठा ग्राहकच गेला. मधल्या काळात, 2020 मध्ये, मास्टर्स एका गुंतवणूक फंडाकडे गेले होते, तेव्हाही ती भागीदारीत आली नाही कारण त्या मॅनेजरला त्यातून पैसे मिळतच राहणार होते. शेवटी 2025 मध्ये त्या फंडाकडूनच तिने घेतले, बातम्यांमधला आकडा 36 कोटी डॉलरच्या आसपासचा. पत्रात तिने हेही सांगून टाकलं की पहिला अल्बम पुन्हा पूर्ण गाऊन झालाय आणि सहाव्याचा पाव भागही झालेला नाही.

कंपन्यांनीही धडा घेतला, तो आपल्या बाजूने. आधी साधारण असं असायचं की गाणं बाजारात आल्यापासून 5 ते 7 वर्षं किंवा करार संपल्यापासून 2 वर्षं, एवढं थांबलं की पुन्हा गायला मोकळे. 2023 मध्ये बातम्या यायला लागल्या की नव्या पोरांच्या करारात 10, 15, कुठे कुठे तर 30 वर्षांची बंदी मागतायत.